बरगड्या पाच, बिड्या किती?

रुग्ण ५७ वर्षांचे गृहस्थ, राहणार रामबाग, इंदूर. पीथमपूरच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळतात. श्रावणातल्या एका संध्याकाळी कामावरून परतताना राऊजवळ एका लोडिंग रिक्षाने त्यांच्या स्कूटरला कट मारला. ओल्या रस्त्यावर स्कूटर घसरली आणि ते डाव्या कुशीवर दुभाजकावर आदळले. हेल्मेट होतं, शुद्ध हरपली नाही, हातपाय शाबूत राहिले. सगळा मार छातीला बसला. तासाभरात ते आमच्या रुग्णालयाच्या इमर्जन्सीत आले आणि अकराव्या दिवशी घरी गेले. माझ्या मते हा मुक्काम सहा-सात दिवसांत आटोपायला हवा होता. तो का लांबला, ते इथे मांडते आहे. मी याच रुग्णालयात छातीच्या फिजिओथेरपीचं काम बघते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वॉर्डात सगळे त्यांना काका म्हणायचे, मीही तेच म्हणते.

पहिली संध्याकाळ

एक्स-रेत डाव्या बाजूच्या तीन बरगड्या मोडलेल्या दिसल्या. सीटी स्कॅनमध्ये त्या पाच निघाल्या, चौथीपासून आठवीपर्यंत. यात नवल काही नाही, साध्या एक्स-रेत बरगड्यांचे बरेच फ्रॅक्चर निसटतात. फुफ्फुस आणि छातीची भिंत यांच्यामध्ये थोडी हवा आणि थोडं रक्त साचलं होतं, डाव्या फुफ्फुसाच्या खालच्या भागाला मुका मार होता. सर्जननी काखेखालून, बरगड्यांमधल्या फटीतून नळी घातली. तिचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्याखाली बुडलेलं असतं, म्हणजे छातीतली हवा बुडबुड्यांनी बाहेर पडते आणि परत आत शिरू शकत नाही. सुरुवातीला ३०० मिलिलिटर रक्त आलं, मग थांबलं. रक्तदाब ठीक, पोट ठीक, ऑक्सिजन न लावता सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, ९६.

माहिती दिली थोरल्या मुलाने. बीपी नाही, शुगर नाही, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या नाहीत, दमा नाही. व्यसन? "नाही सर, बाबांना कसलंच व्यसन नाही. चहा तेवढा भरपूर." काका डोळे मिटून पडले होते. शेजारी स्टुलावर त्यांची आई बसली होती, ऐंशी ओलांडलेली. फॉर्मवर या प्रश्नापुढे दोनच चौकोन असतात, त्यातल्या 'नाही'वर खूण झाली.

मुलाला खोटारडा म्हणण्यात अर्थ नाही. आपल्या घरांत पन्नाशी उलटलेला माणूसही आईसमोर बिडी पेटवत नाही, आणि नातू आजीसमोर बापाचं बिंग फोडत नाही. प्रश्न चुकीच्या माणसाला, चुकीच्या लोकांसमोर विचारला गेला होता. फॉर्म भरणाऱ्याला एवढंच करायचं होतं की नातेवाइकांना दोन मिनिटं बाहेर बसवायचं.

छातीला मार लागलेला रुग्ण पुढे बिघडण्याची शक्यता किती, हे आधीच ओळखता यावं म्हणून २०१४ साली वेल्समधल्या संशोधकांनी एक गुणपद्धती मांडली. तिच्यात पाच गोष्टी बघतात : वय, मोडलेल्या बरगड्यांची संख्या, फुफ्फुसाचा जुना आजार, रक्त पातळ करणारी औषधं आणि सॅच्युरेशन. धूम्रपानाला त्यात वेगळा रकाना नाही. काकांच्या बाबतीत या पाचांपैकी दोन उत्तरं फसवी होती, आणि दोन्ही बिडीने फसवली होती.

पहिलं उत्तर जुन्या आजाराचं. काकांना असा आजार 'नव्हता', कारण तो कधी कुणी तपासलाच नव्हता. जिना चढताना धाप लागते ती वयामुळे, सकाळी खोकला येतो तो थंड हवेमुळे, असं घरात ठरून गेलं होतं. पण सीटीच्या अहवालात, बरगड्यांच्या यादीच्या पुष्कळ खाली, रेडिओलॉजिस्टने एक ओळ लिहिली होती : दोन्ही फुफ्फुसांच्या वरच्या भागांत एम्फिसीमा. हवेच्या बारीक पिशव्यांच्या भिंती झिजून एकमेकींत मिसळतात आणि त्यांच्या जागी मोठ्या निकामी पोकळ्या उरतात, त्याला एम्फिसीमा म्हणतात. या वयाच्या पुरुषात, वरच्या भागांत तो दिसला की पहिला संशय तंबाखूच्या धुराचाच घ्यायचा. घरचे 'नाही' म्हणत होते त्याच वेळी स्कॅन 'हो' म्हणत होता, पण अपघाताच्या रात्री त्या ओळीपर्यंत कुणाची नजर जात नाही.

दुसरं फसवं उत्तर त्या ९६ चं. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. बोटाला लावतो तो ऑक्सिमीटर दोन रंगांच्या प्रकाशावर चालतो, आणि ऑक्सिजन बसलेलं हिमोग्लोबिन कोणतं, कार्बन मोनॉक्साइड बसलेलं कोणतं, हे त्याला वेगळं ओळखता येत नाही. दोन्ही तो एकाच खात्यात जमा करतो. दिवसभर ओढणाऱ्याच्या रक्तात संध्याकाळपर्यंत पाच ते दहा टक्के हिमोग्लोबिन असं अडकून पडलेलं असू शकतं. म्हणजे यंत्रावर ९६ दिसताना ऑक्सिजन वाहणारा खरा वाटा नव्वदीच्या आसपास किंवा त्याहूनही खाली असू शकतो. साध्या हवेत हा वायू निम्म्यावर यायला चार ते सहा तास लागतात, घट्ट मास्कने भरपूर ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तास. काकांना पहिल्या रात्री ऑक्सिजन लावलाच नाही. ९६ असताना कोण लावणार? शेवटची बिडी त्यांनी कारखान्याच्या गेटबाहेर, स्कूटरला किक मारण्यापूर्वी ओढली होती, हे कळायला तिसरा दिवस उजाडावा लागला.

बरगड्या मात्र सगळ्यांनी मोजल्या, आणि मोजायलाच हव्यात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ६५ वर्षांवरच्या रुग्णांमध्ये दर वाढत्या बरगडीमागे मृत्यूचा धोका १९ टक्क्यांनी आणि न्यूमोनियाचा २७ टक्क्यांनी वाढलेला दिसला. तेव्हापासून जगभर या रुग्णांच्या बाबतीत पहिला प्रश्न 'किती मोडल्या?' हाच असतो.

हाड जुळतं, कफ अडतो

बरगडीला प्लास्टर घालत नाहीत. बहुतेक बरगड्या दीड-दोन महिन्यांत आपल्या आपण जुळतात. धूम्रपान करणाऱ्यांची हाडं उशिरा जुळतात हे खरं, पण रुग्णालयातले पहिले दहा दिवस हाडावर ठरत नाहीत. ते खोकल्यावर ठरतात.

मोडलेल्या बरगडीचं दुखणं श्वासागणिक चाळवतं. माणूस मग वरवरचा श्वास घेतो आणि खोकला दाबतो. फुफ्फुसाच्या तळाला हवा पोचत नाही, तो भाग मिटतो, तिथे कफ साचतो आणि साचलेल्या कफात जंतू वाढतात. धडधाकट फुफ्फुसांच्या माणसाला थोडी सवलत असते. त्याच्या श्वासनलिकेच्या अस्तरावरचे सूक्ष्म केस कफ सतत वर ढकलत असतात, त्याला खोकावंही फारसं लागत नाही. वर्षानुवर्षं धूर घेणाऱ्याचे हे केस आखूड आणि सुस्त झालेले असतात. वर कफ तयार करणाऱ्या पेशी वाढलेल्या असतात, म्हणजे माल जास्त आणि हमाल कमी. अशा माणसाकडे कफ बाहेर काढायला जोरदार खोकल्याशिवाय दुसरं साधन उरत नाही, आणि बरगड्यांनी नेमकं तेच काढून घेतलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काकांकडे गेले तेव्हा हेच दिसलं. श्वासाच्या व्यायामाचा, प्लास्टिकच्या तीन गोळ्यांचा स्पायरोमीटर सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्याच्या गोळ्या सेकंदाला ६००, ९०० आणि १२०० मिलिलिटर हवा ओढली की एकेक करून उचलल्या जातात. काकांची पहिली गोळी अर्ध्यावर तरंगली आणि बसली. खोकायला सांगितलं तर घशातल्या घशात 'खं' करून थांबले, चेहरा पांढरा पडला. पाठीवर हात ठेवला की खालचा कफ तळव्याला घुरघुरताना लागत होता. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं पिवळी-तपकिरी होती. नोंदवहीत मी 'धूम्रपान असावे, पुन्हा विचारणे' असं लिहिलं आणि आरएमओंना, म्हणजे वॉर्डच्या निवासी डॉक्टरांना, सांगितलं. एका नातेवाइकाने मेडिकलमधून छातीचा पट्टा आणला होता, तो मी बांधू दिला नाही. घट्ट पट्ट्याने बरं वाटतं खरं, पण श्वास आणखी आखडतो. पूर्वी छाती आवळून बांधायची पद्धत होती, ती याच कारणाने मागे पडली. त्याऐवजी उशी छातीशी कवटाळून खोकायला शिकवलं.

दुसरी रात्र आणि जिना

त्या रात्री काका बिघडले. सिस्टरच्या नोंदीत आहे : झोप नाही, सारखे उठतात, सलाईनची सुई काढू पाहतात, नातेवाइकांवर ओरडतात, 'खाली सोडा' म्हणतात. सॅच्युरेशन ९१ वर आलं होतं, म्हणून नाकात दोन लिटर ऑक्सिजन लावला. आरएमओंनी डोक्याला मार, रक्तातलं सोडियम, दारू अचानक तुटल्याचा परिणाम, सगळं तपासून पाहिलं, आणि ते योग्यच केलं. छातीच्या रुग्णाची अस्वस्थता ऑक्सिजन कमी पडल्याची पहिली खूण असू शकते. काही न सापडल्यावर झोपेचं हलकं इंजेक्शन दिलं गेलं. काका शांत झोपले आणि चार-पाच तास एकदाही खोकले नाहीत.

निकोटीन रक्तात साधारण दर दोन तासांनी निम्मं होत जातं. बंद झाल्यापासून चार ते चोवीस तासांत चिडचिड, घालमेल, बेचैनी सुरू होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जाते. बरगड्यांना सूज आणि दुखणं सर्वांत जास्त असतं, मुक्या माराने फुफ्फुसात पाणी झिरपतं, तेही याच दोन-तीन दिवसांत. सगळं एकाच वेळी अंगावर येतं. त्यात झोपेचं औषध दिलं की खोकला बंद होतो. व्यसनाची नोंद 'नाही' असेल तर या घालमेलीचं खरं नाव डॉक्टरला सुचणार कसं?

ते नाव तिसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात सापडलं. काकांनी भाच्याला फितवलं होतं. ऑक्सिजनची नळी पलंगावर टाकून, छातीच्या नळीची बाटली हातात धरून ते दोन मजल्यांमधल्या वळणावर गेले आणि बाटली खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून बिडी ओढू लागले. वॉर्डच्या आयाबाईंनी पाहिलं आणि जे ओरडल्या ते तीन खोल्यांत ऐकू गेलं. त्यांचा मुख्य आक्षेप बिडीला होता. मला त्याहून भीती वाटली ती बाटलीची. ती छातीच्या पातळीवर किंवा वर गेली की आतलं पाणी उलटं छातीत शिरू शकतं. बाटली नेहमी कमरेच्या खाली, हे आम्ही प्रत्येक नातेवाइकाला सांगतो. आणि ऑक्सिजन चालू असलेल्या पलंगाशेजारी हेच केलं असतं तर आगीचाही धोका होता.

रुग्णालयात धूम्रपानाला बंदी आहे हे सांगायला नको. २००३ च्या कायद्याखाली २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर सार्वजनिक जागी ती लागू आहे, दंड दोनशे रुपयांपर्यंत. आमच्या जिन्यात पाटीही आहे. पाटीने माणूस जिन्यातून उठून गच्चीवर जातो, एवढाच तिचा उपयोग मी पाहिला आहे.

सगळ्यांना चहाला पाठवून मी खुर्ची ओढून बसले. ओढता का, असं विचारलंच नाही, ते आता उघड होतं.

"काका, सकाळी उठल्यावर पहिली किती वेळाने?"

"उठल्यावर? पाय जमिनीवर टेकायच्या आत."

"आणि दिवसाला?"

"एक बंडल. नाइट असली की दीड."

उठल्यापासून अर्ध्या तासाच्या आत पहिली लागते का, हा प्रश्न निकोटीनची पकड किती घट्ट आहे ते सांगायला पुरेसा ठरतो. पाच मिनिटांच्या आत लागत असेल तर पकड फारच घट्ट. आपल्याकडचे छातीचे डॉक्टर दिवसाच्या बिड्यांना वर्षांनी गुणतात. वीस बिड्या आणि तीस वर्षं, म्हणजे ६००. तीनशेच्या वर गेलेल्याला जबर ओढणारा धरतात.

काकांचं म्हणणं होतं की सिगरेट वाईट, बिडी निदान पानाची असते. मध्य प्रदेशात ही समजूत फार, कारण तेंदूपत्ता इथलाच, त्याच्या उत्पादनात हे राज्य देशात पहिलं. पण तेंदूचं पान कागदासारखं हवा खेळू देत नाही, बिडी सारखी विझते, म्हणून ती जोराने आणि वरचेवर ओढावी लागते. तंबाखू कमी असूनही तिच्यातून टार (धुरातला चिकट, काळपट अंश) आणि कार्बन मोनॉक्साइड सिगरेटपेक्षा जास्त मिळतो.

संध्याकाळी हळूच आजींना विचारलं, तुम्हाला ठाऊक होतं का. त्या म्हणाल्या, "अगं, तीस वर्षं त्याचे सदरे मी धुते आहे." तीस वर्षं ज्यांच्यापासून लपवायचं, त्यांनीच ते विचारल्याबरोबर सांगून टाकलं.

तिसरा ते पाचवा दिवस

दुपारी ताप चढला, १०१. कफ पिवळा, चिकट. एक्स-रेत डाव्या फुफ्फुसाचा तळ मिटलेला. चार लिटर ऑक्सिजनवरही सॅच्युरेशन ९० च्या आसपास. काकांना त्या रात्री आयसीयूत हलवलं. व्हेंटिलेटर लागेल का, हा प्रश्न मुलाने तीन वेळा विचारला आणि तीनही वेळा खरं उत्तर 'आज रात्री कळेल' हेच होतं.

त्या संध्याकाळी तीन गोष्टी झाल्या. तिसरीवर वाद झाला.

भूलतज्ज्ञांनी पाठीच्या कण्यालगतच्या स्नायूखाली बारीक नळी ठेवून बधिर करण्याचं औषध सुरू केलं. सोनोग्राफीच्या मदतीने द्यायचा हा ब्लॉक २०१६ साली पहिल्यांदा मांडला गेला आणि बरगड्यांच्या रुग्णांसाठी वरदान ठरला आहे. त्याने गुंगी येत नाही आणि श्वास मोकळा होतो. दोन तासांत काकांचं दुखणं दहापैकी आठवरून तीनवर आलं. कफ तपासणीला पाठवून अँटिबायोटिक सुरू झालं.

तिसरी गोष्ट निकोटीनची पट्टी. मी सुचवली, छातीच्या डॉक्टरांनी उचलून धरली, सर्जन मात्र तयार नव्हते. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, हाड जुळायला अडथळा येतो, मग आपण होऊन ते अंगावर का चिकटवायचं? आक्षेप पुस्तकाला धरून होता. पण पट्टीची तुलना निकोटीन नसण्याशी करून चालत नाही. समोरचा माणूस जिन्यात जाणार आहे, तेव्हा तुलना बिडीशी करावी लागते. पट्टीतून निकोटीन हळूहळू झिरपतं, बिडीसारखं काही सेकंदांत मेंदूवर धडकत नाही, आणि तिच्याबरोबर कार्बन मोनॉक्साइडही येत नाही, टारही नाही. शस्त्रक्रियेच्या रुग्णांवर झालेल्या चाचण्यांत अशा निकोटीनमुळे जखमा बिघडल्याचं दिसलेलं नाही. सर्जन शेवटी म्हणाले, "लावा, पण बिडी दिसली तर तुमची जबाबदारी." २१ मिलिग्रॅमची पट्टी लागली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काका वर्तमानपत्र मागू लागले आणि चहा पातळ आहे अशी तक्रार करू लागले. हे मी सुधारणेचं लक्षण धरते.

एक छोटी भानगड मधेच झाली. दमा असेल असं समजून त्यांना थिओफिलिन हे श्वासनलिका रुंदावणारं औषध असलेलं इंजेक्शन सुरू होतं. पाचव्या दिवशी नाडी ११८, हात थरथरत होते. धुरातल्या टारमुळे यकृतातलं एक एन्झाइम चपळ झालेलं असतं आणि ते थिओफिलिन लवकर संपवतं. धूर बंद झाला की काही दिवसांत एन्झाइम मंदावतं, तोच डोस जास्त ठरू लागतो. हे टारचं काम, निकोटीनचं नव्हे, म्हणून पट्टी असली तरी घडतं. चहा-कॉफीतलं कॅफिनही याच वाटेने जातं. इंजेक्शन थांबवलं, नाडी उतरली. बिडी सोडलेल्या माणसाने दिवसाचे आठ कप चहा तसेच चालू ठेवले तर छाती धडधडते, ती सगळीच काही बिडीच्या आठवणीने नव्हे.

माझं काम आता सुरू झालं असं म्हणायला हरकत नाही. ब्लॉक नीट चालू आहे याची खात्री करून दिवसातून चार वेळा. आधी दोन मिनिटं साधा पोटाचा श्वास. मग तीन-चार खोल श्वास, प्रत्येक आत धरून. मग तोंड उघडं ठेवून 'हाऽ', आरशावर वाफ धरतो तसं. या 'हाऽ'ने घसा न आवळता कफ वर सरकतो, बरगडीला खोकल्याएवढा झटका बसत नाही. शेवटी उशी कवटाळून एकच खरा खोकला. त्या आधी मिठाच्या पाण्याची वाफ नेब्युलायझरने. चौथ्या दिवशी सकाळी पहिला मोठा चिकट गठ्ठा बाहेर आला आणि पुढच्या तासाभरात ऑक्सिजन चारवरून दोन लिटरवर आणता आला. व्हेंटिलेटरचा प्रश्न तिथे मिटला. दुपारी त्यांना उठवून चालवलं, बाटली गुडघ्याच्या उंचीवर, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला भाचा, जो आता फारच आज्ञाधारक झाला होता.

काकूंना हे सगळं पटत नव्हतं. "बिडी घेतली की यांचा कफ सुटतो हो. ती बंद केली म्हणून तर छाती भरली." ही समजूत इतकी पसरलेली आहे की तिला हसून चालत नाही, कारण तिला दिसण्यातला आधार आहे. रात्रभर धूर नसतो, तेव्हा ते सूक्ष्म केस थोडे जागे होतात आणि पहाटेपर्यंत कफ वर आणून ठेवतात. मग पहिल्या बिडीच्या धुराने घसा चाळवतो आणि तयार कफ बाहेर पडतो. श्रेय बिडीला जातं. सोडल्यानंतरचे काही आठवडे खोकला आणि कफ वाढल्यासारखा वाटतो, तोही याच कारणाने. फार जण नेमके इथेच परत फिरतात. काकूंना मी एवढंच म्हटलं की महिनाभर खोकला वाढलेला दिसेल, तो मला फोन करून सांगा, त्यांना बिडी देऊ नका.

बुडबुडे

ताप सहाव्या दिवशी उतरला. पण बाटलीतले बुडबुडे थांबेनात. फुफ्फुसाला बरगडीच्या टोकाने पडलेलं छिद्र साधारणपणे काही दिवसांत बुजतं आणि नळी निघते. एम्फिसीमाच्या फुफ्फुसाची भिंत विरलेल्या कापडासारखी असते, टाका धरत नाही म्हणतात तशी, आणि हवा गळत राहते. पाच-सात दिवसांपुढे गळती चालू राहिली की सर्जन दुर्बिणीतून शस्त्रक्रियेचा विचार करू लागतात. इथे तेवढी वेळ आली नाही. आठव्या दिवशी खोकताना एखाद-दुसराच बुडबुडा दिसला, नवव्या दिवशी एकही नाही. रक्त-पाणी दिवसाला शंभर मिलिलिटरच्या खाली आलं होतं. नवव्या दिवशी संध्याकाळी नळी काढली, दहाव्या दिवशीचा एक्स-रे चांगला आला, अकराव्या दिवशी काका रामबागेत पोचले.

बिलाचा आकडा लिहीत नाही. आयसीयूची रात्र, ब्लॉक, जास्तीचे चार-पाच दिवस, एवढं सांगितलं तरी इंदूरमध्ये राहणाऱ्याला अंदाज येईल. मुलगा हिशेब करून म्हणाला, "त्या दिवशी मी 'हो' म्हणालो असतो तर?" एम्फिसीमा तेव्हाही असता, हवा तेव्हाही गळली असती. पण ऑक्सिजन पहिल्या रात्री लागला असता, पट्टी आणि ब्लॉक दुसऱ्या दिवशी आले असते, झोपेचं इंजेक्शन कदाचित टळलं असतं, जिना नक्की टळला असता. न्यूमोनिया टळलाच असता असं मी त्याला म्हटलं नाही.

घरी

जाताना दिलं ते असं : पट्टी सहा आठवडे २१ ची, मग दोन-दोन आठवडे १४ आणि ७ ची, तलफ आली तर दोन मिलिग्रॅमचं निकोटीनचं च्युइंगम. ते चघळून झिणझिणी आली की गालात दाबून ठेवायचं, पानासारखं चावत बसायचं नाही. राष्ट्रीय क्विटलाइनचा फुकट नंबर, १८००-११-२३५६, जो तंबाखूच्या पाकिटांवर छापलेलाच असतो आणि कुणी वाचत नाही. स्पायरोमीटर घरी. वजन उचलणं दीड महिना बंद.

सहा आठवड्यांनी आले तेव्हा कुशीवर झोपता येत होतं, तिन्ही गोळ्या वर जात होत्या, थोडा वेळच टिकत होत्या. खोकला तिसऱ्या आठवड्यात वाढला होता, काकूंनी फोन केला होता, पाचव्यात ओसरला. एका लग्नात दोन बिड्या झाल्या, त्यांनी स्वतःहून सांगितलं.

दिवाळीनंतर पूर्ण फुंकून श्वासाची तपासणी केली. औषध ओढल्यानंतरही पहिल्या सेकंदात बाहेर पडणाऱ्या हवेचं एकूण हवेशी प्रमाण ०.६१ आलं. ०.७० च्या खाली म्हणजे सीओपीडी, श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुफ्फुसाचा जुनाट आजार.

"म्हणजे हे अपघातामुळे झालं का?" काकांनी विचारलं. छातीच्या डॉक्टरांनी अपघाताच्या रात्रीचा स्कॅन लावून वरच्या भागातल्या पोकळ्या दाखवल्या. काका बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "सकाळची सुटली. जेवणानंतरचीही सुटली. गेटवरची सुटत नाही." सुट्टी झाल्यावर गेटबाहेर सगळे थांबतात, तिथे न थांबता निघून जाणं त्यांना उद्धटपणा वाटतो. ठरलं ते असं की सुट्टीच्या पाच मिनिटं आधी, स्टोअरमध्येच च्युइंगम तोंडात टाकायचं आणि गेटवर हवं तेवढं थांबायचं. इन्हेलर सुरू झाला. तो ओढायची पद्धत त्यांना दोनदा करून दाखवावी लागली, कारण सवयीने ते बिडीसारखा झुरका मारत होते. फ्लूची लस त्याच दिवशी दिली, न्यूमोकोकलची पुढच्या भेटीत द्यायची आहे. ती भेट संक्रांतीच्या आठवड्यात आहे.